संकलनाचा खर्डा

पुस्तकाचे होते ते संपादन, चित्रपटाचे होते ते संकलन. इंग्रजी भाषा दोन्हींसाठी एकच शब्द वापरते. मराठीने भेद जपला आहे आणि तो अर्थपूर्ण आहे, असे आम्हांला वाटते. संपादकापुढे लिहिलेली संहिता असते. संकलकापुढे असतात नुसते तुकडे: एखादा चेहरा, एखादा हात, रस्त्यावरचा गलबला, मध्येच आलेला खोकला. त्यांतला कोणता तुकडा कोठे सुरू व्हावा, कोठे थांबावा आणि कोणाच्या शेजारी बसावा, या निर्णयांतूनच चित्रपट लिहिला जातो. मग साहित्याच्या विद्यार्थ्याला सहज पडावा असा प्रश्न येतो: या लेखनाचा खर्डा कोठे असतो?

हौशी चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोचतो, कारण हौशी माणसामागे ना स्टुडिओ असतो, ना संग्रहालय. आपल्याकडच्या चित्रपटाचा आरंभच घरगुती आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) वेळी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून अनेक कामे घरातच होत आणि त्यांत सरस्वतीबाईंचा हात असे. चार रिळांच्या त्या चित्रपटातले आज थोडेच उरले आहे, आणि जे उरले ते १९१३चे की १९१७मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर पोसलेल्या आपल्या परंपरेला हा वाद परका वाटू नये. पुढे कॅसेटचा काळ आला. मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावात हौशी मंडळी चित्रपट करू लागली, तेव्हा एका कॅसेटवरचे तुकडे दुसरीवर उतरवणे हेच संकलन होते. निर्णय होत, पण त्यांची नोंद उरत नसे.

आमचा अनुभव लहानसा आहे. आम्ही तिघे, तिघेही मराठीचे अध्यापक. २०११ साली तालुक्याच्या एका गावी, बंद पडण्याच्या बेतात असलेल्या छापखान्यात, आम्ही एका वृद्ध जुळाऱ्यांचे चित्रण केले. शिशाचे खिळे, काना-मात्रा-वेलांट्यांचे वेगवेगळे खण, उलटी अक्षरे सुलटी वाचणारी ती नजर. चौदा मिनिटांचा लघुपट झाला, दोन-तीन महाविद्यालयांत दाखवलाही. सहा वर्षांनी काका गेले. त्यांच्या मुलीने आम्हांला विचारले, "सर, बाबांचे हात जरा जास्त वेळ दिसतील असं काही आहे का तुमच्याकडे?"

चित्रण होते. संकलनाची फाइल मात्र उघडेना. ज्या प्रणालीत काम केले होते ती तिच्या कंपनीने बंद केली होती, आणि आम्ही वापरून पाहिलेली दुसरी कोणतीही प्रणाली त्या फाइलची लिपी जाणत नव्हती. साडेतीन तासांचे तुकडे हाती, चौदा मिनिटांचा निकाल हाती. मधला विचार तेवढा हरवलेला. जणू शब्दकोश शिल्लक, छापील कविताही शिल्लक, कवीची वही मात्र गेलेली.

पुन्हा पहिल्यापासून संकलन केले ते केडेनलाइव्हमध्ये. ही मुक्तस्रोत प्रणाली जेसन वुड यांनी २००२ साली सुरू केली. आज केडीई समुदायातील स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्यासाठी पैसे पडले नाहीत, हे आम्हा मास्तरांना सोयीचे खरेच. पण 'फुकट' आणि 'मुक्त' हे समानार्थी शब्द नव्हेत. दा विंची रिझॉल्व्हचीही एक आवृत्ती फुकट मिळते, तिचा स्रोत मात्र बंद आहे. मुक्ततेचा अर्थ आम्हांला कळला तो वेगळ्याच ठिकाणी. केडेनलाइव्हची फाइल आम्ही साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिली. तीत चित्रे नव्हती, होत्या ओळी. एक्सएमएलच्या खुणांमध्ये लिहिलेले: अमुक फाइल घ्या, अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत दाखवा, त्यानंतर अमुक. चित्रपटाचा खर्डा आम्ही आयुष्यात प्रथमच वाचत होतो.

हे स्तुतिस्तोत्र नव्हे. ही प्रणाली ऐन कामात आमच्यावर अनेकदा रुसून बंद पडली आहे. जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडताना कधी डागडुजीही करावी लागते. शिवाय खर्डा वाचता आला म्हणून मूळ चित्रण आपोआप टिकत नाही. ते वेगळे जपावेच लागते. मुद्दा इतकाच, की निर्णय ज्या लिपीत लिहिले जातात ती लिपी एकाच दुकानाच्या मालकीची असेल, तर दुकान बंद होताच लेखकही आपल्या लेखनाला पारखा होतो. व्यावसायिक निर्माता नवे दुकान गाठतो. हौशी माणसाजवळ बहुधा तो एकच चित्रपट असतो, आणि त्यातला माणूस पुन्हा चित्रित होणार नसतो.

नव्या संकलनात आम्ही हातांना अधिक वेळ दिला आणि चित्रपट, मूळ चित्रण व संकलनाची फाइल असे सगळे एका डिस्कवर घालून काकांच्या मुलीकडे पाठवले. दोन महिन्यांनी तिच्या मुलाकडून, म्हणजे काकांच्या नातवाकडून, त्याची स्वतःची आवृत्ती आली. मुद्रणाच्या एका युगाचा अस्त वगैरे सांगणारे आमचे सारे निवेदन त्याने काढून टाकले होते. त्या जागी होता एक दीर्घ, अखंड तुकडा: छपाई संपल्यावर काका एकेक खिळा उचलून त्याच्या त्याच्या खणात परत टाकत आहेत आणि प्रत्येक अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणत आहेत. हा तुकडा आम्ही दोन्ही वेळा निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवला होता.

निवेदन गेल्याचे थोडे वाईट वाटले, हे नाकारत नाही. त्यावर आम्ही तीन रात्री खर्च केल्या होत्या. मग दोन्ही फाइली शेजारी उघडल्या. त्याने कोणत्या ओळी गाळल्या, कोणत्या घातल्या, कोठे नुसता अर्धा सेकंद वाढवला, सारे ओळीओळीने दिसत होते. पाठचिकित्सेच्या तासाला आता आम्ही विद्यार्थ्यांपुढे हे दोन खर्डे ठेवतो आणि कोणता पाठ स्वीकारावा, ते त्यांनाच ठरवू देतो. बहुतेक जण नातवाचा स्वीकारतात.