खाण नसलेलं चांदीचं गाव

मध्यंतरी पोटोसीविषयी वाचत होते. आजच्या बोलिव्हियातलं, सुमारे चार हजार मीटर उंचीवरचं हे गाव. १५४५ मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली आणि शंभर वर्षांच्या आत तिथे लाखावर वस्ती झाली. स्थानिक आदिवासी खाणीत राबून मेले, चांदी स्पेनला गेली, व्यापारातून फिरत फिरत आपल्या सुरतेपर्यंतही आली. पुढे चांगली चांदी संपत गेली, आणि १८२५ च्या सुमारास गावात काही हजार माणसं उरली.

वाचताना मला आपली हुपरी आठवली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात चांदीची खाण नाही. चांदी बाहेरून येते, आणि तिचे पैंजण, जोडवी, वाळे होऊन देशभर जातात. एक घर तार ओढणार, दुसरं घुंगरू करणार, तिसरं डाग देणार, चौथं पॉलिश करणार. रेंदाळ, पट्टणकोडोलीपर्यंत घराघरांत हे काम पोचलं. बायकांना उंबरा न ओलांडता मजुरी मिळू लागली, पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले.

मी त्या भागात शिकवत होते तेव्हा शेकडेवारीचा धडा मला फारसा शिकवावाच लागत नसे. साठ टंच म्हणजे शंभरात साठ भाग शुद्ध चांदी, हे पोरं घरूनच शिकून यायची!

नंतर राजकोट, आग्र्याचा मशीनचा माल स्पर्धेत आला. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी. २०२५ मध्ये तर चांदीचा भाव किलोला लाखाच्या खूप पुढे गेला. आपल्याला वाटतं, भाव वाढला की चांदीचं गाव श्रीमंत होणार. पण कारागिराची चांदी त्याची नसते, त्याची फक्त मजुरी. भाव चढला की गिऱ्हाईक हलके पैंजण मागतं किंवा थांबतं, आणि मजुराच्या हातचं काम जातं.

परवा बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. डाग देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणाला, "बाई, पोरगं पुण्याला कंपनीत लागलंय. सुटलं बघा धुरातनं." मला आनंदच झाला. पोरांनी शिकावं म्हणून तर मी जन्मभर खडू झिजवला. पण त्याचा हात आता कोणाकडे जाणार, हे मी विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

पोटोसीची चांदी डोंगरात होती, ती उपसून संपत गेली. हुपरीची खाण माणसांच्या बोटांत आहे. ती उपसल्याने संपत नाही, उलट वाढते. शेजारी बसून शिकणारं कोणी उरलं नाही, की मात्र संपते. तुम्हाला काय वाटतं?