बेल आधी, गोळी नंतर

परदेशी नोकरीसाठी ओईटी परीक्षेची तयारी करणाऱ्या सिस्टरना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. आयसीयूतले शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. गाडी अडते ती 'इफ' आणि 'इन केस'पाशी. मराठीत दोन्हीकडे 'तर' लावून भागतं, मग परीक्षेत लिहायच्या पत्रात कुठलंही कुठेही पडतं. शिवाय 'इन केस इफ' ही जोडगोळी आहेच. ती तर भल्याभल्या डॉक्टरांच्या तोंडी असते.

ऑपरेशन झालेल्या आजी आहेत, रात्री बाथरूमला उठतील. 'कीप द कॉल बेल विदिन रीच इफ शी वॉन्ट्स टू गेट अप' असं लिहिलं, तर आजींना उठावंसं वाटल्यावर बेल हाताशी द्यायची. पण बेलच नाही तर त्या कळवणार कशा? 'इन केस' लिहिलं की बेल आत्ताच उशाशी, आजी सकाळपर्यंत ढाराढूर झोपल्या तरी.

"म्हणजे मॅडम, एसओएसची गोळी 'इफ', आणि क्रॅश कार्ट भरून ठेवणं 'इन केस'," एक सिस्टर म्हणाली. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. क्रॅश कार्ट म्हणजे आणीबाणीच्या औषध-उपकरणांची ढकलगाडी. एसओएस म्हणजे लॅटिन 'सी ओपस सिट', गरज पडल्यास. ब्रिटनमध्ये त्या जागी पीआरएन लिहितात, तेही लॅटिनच.

'इन केस ऑफ फायर'ची पाटी दाखवून कुणीतरी हटकतंच. 'ऑफ' लागला की अर्थ 'आग लागल्यास' असा होतो. अमेरिकेत नुसता 'इन केस'ही 'इफ'सारखा चालतो, पण पत्रात ती सूट घेऊ नये असं माझं मत.

'लेस्ट' मात्र शाळेपासून पाठ असतो, 'शुड'सकट. तरी वहीत येतं 'लेस्ट शी शुड नॉट फॉल'. 'पडू नये म्हणून' मधला 'नये' तिथे 'नॉट' होऊन घुसतो. 'लेस्ट'च्या पोटात नकार आधीच असतो. वर आणखी एक घातला की आजी पडायलाच हव्यात! वॉर्डात 'लेस्ट' बोलतं तरी कोण? 'सो दॅट शी डझन्ट फॉल' लिहा, म्हणते मी.

आता उरलाय तो 'विल'. 'इन केस शी विल फॉल' नव्हे, 'इन केस शी फॉल्स'. लाल शाई सगळ्यात जास्त तिथेच जाते.