सात घरे

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे हिंडवते, असे आमच्याकडे म्हणतात. साताऱ्याच्या जुन्या घरात माळ्यावर व्यालेली मांजरी एकेक पिल्लू मानेशी धरून कोठीत आणि कोठीतून न्हाणीच्या आडोशाला नेताना मी लहानपणी पाहिली होती. पिल्लांना कुणाचा हात लागला की ती जागा तिच्या मनातून उतरे. पुढे मोहालीत माझ्या दोन मांजरींना टोपलीत घालून दुसऱ्याच्या दारी नेण्याची वेळ आली, तेव्हा हे जुने बोलणे मला उलटे होऊन आठवले. पिल्लू माझे होते आणि घर सोडत होत्या मांजरी.

मोहालीचे सरकारी नाव साहिबजादा अजितसिंह नगर. फेज आणि सेक्टरच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या गावात यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही येऊन पडलो. जानेवारीतल्या एका धुकट सकाळी मोटारीच्या बॉनेटखाली ऊब शोधत शिरलेली दोन पिल्ले सापडली. पिवळीचे नाव शेवंती ठेवले, काळीचे काजळी. शेजार पंजाबी, कचेरी हिंदी; मराठी हाकेला कान टवकारणारे हे दोनच जीव त्या परमुलखात आमचे होते. चार वर्षे त्यांनी आमचे निपुत्रिक घर भरून टाकले.

मला दिवस गेले, तेव्हा जो तो मांजरे काढून टाकायला सांगू लागला. त्या भीतीत थोडे तथ्य होते. टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला अपाय करू शकतो. पण तो कच्च्या मांसातून, मातीतून, न धुतलेल्या भाजीतूनही येतो. शिवाय विष्ठेतले त्याचे बीज संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून यजमान रोजच्या रोज मांजरांची परात साफ करीत आणि मी तिला हात लावीत नसे. नऊ महिने निभावले. खरी अडचण त्यानंतर आली.

मुलगी घरी आली, पाचवी पुजली. सटवाई बाळाच्या कपाळी अक्षरे लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. षष्ठीदेवीचे वाहन मांजर, ही गोष्ट त्या रात्री मनात आली आणि बरे वाटले. पण देवीच्या वाहनाला हा पाहुणा मानवला नव्हता. काजळी पलंगाखालून निघेना. चाटून चाटून तिने पोटाचे केस काढले, कातडी गुलाबी दिसू लागली. शेवंतीने आधी दुपट्यावर, मग गादीवर मुतायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही सूड घेतेय.”

पशुवैद्यांचे म्हणणे निराळे होते. मांजराचे घर वासाचे असते. गाल घासून, अंग घासून ते प्रत्येक कोपऱ्यावर आपली खूण ठेवते. दूध, तेल, धुरी आणि रडणे यांनी ते घर एका दिवसात पुसले गेले होते. शेवंती आपला वास त्यात पुन्हा मिसळू पाहत होती. ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, हेही त्यांनी सांगितले. आम्ही वेगळी खोली दिली, उंच फळी दिली, औषध दिले. तीन महिने गेले. काजळीची कातडी भरून येईना.

“फाटकाबाहेर सोडा, जगतील कुठेही,” असे सांगणारे पुष्कळ होते. आमच्या गावीही मांजर गोणत्यात घालून नदीपलीकडे सोडीत. जनावर उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा त्या गोणत्याची आठवण जास्त टोचत होती.

अखेर खरडच्या एका वृद्ध बाईंनी दोघींना घ्यायचे कबूल केले. मुले परदेशी, घर शांत. सगळे त्यांना बीजी म्हणत, म्हणून आम्हीही. टोपलीबरोबर मी एक न धुतलेली चादर दिली. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, असे सांगितले. बीजी म्हणाल्या, “फिकर ना कर, पुत्तर.” परतताना यजमान बोलले नाहीत. मोहरीची शेते पिवळी होती आणि मांडीवर मुलगी निजली होती. मांजरींचे हाल पाहून आम्ही त्यांना दिले, की ते हाल आम्हाला पाहवेनात म्हणून दिले, याचा मी वाटभर विचार केला. उत्तर मिळाले नाही. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागली आणि सकाळी त्याचीच लाज वाटली.

सहा महिन्यांनी आम्ही खरडला गेलो. काजळीचे पोट काळ्याभोर लवेने भरले होते. ती कपाटावरून उतरली नाही. शेवंती आली, रांगणाऱ्या मुलीचा पाय हुंगला, माझ्या साडीच्या काठाला क्षणभर गाल घासला आणि बीजींच्या मांडीवर जाऊन बसली. मी “शेवंते” अशी हाक मारली. तिने कान हलवला. मग बीजींनी पंजाबीत काहीतरी म्हटले आणि तिने डोळे मिटून घेतले.