इरईची रेती
आमच्या लहानपणी चंद्रपुरात इरई नदीच्या रेतीला दोन मोठी गिऱ्हाइकं होती : घर बांधणारे आणि कॉलरी, म्हणजे कोळसा खाण. कॉलरीची रेती ट्रकांनी बंकरवर यायची. तिथे तिच्यात पाणी मिसळायचं आणि ते मिश्रण लोखंडी पाइपांतून थेट खाली खाणीत सोडायचं. कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत रेती घट्ट बसायची, निथळलेलं पाणी पंपाने पुन्हा वर यायचं. सगळे त्याला ‘स्टोइंग’ म्हणत. एक टन कोळशाची पोकळी बुजवायला टनापेक्षा थोडी जास्तच रेती लागते. एवढा खटाटोप कशासाठी, तर वरची जमीन बसू नये म्हणून.

बाबा सर्व्हे विभागात होते. त्यांच्या ऑफिसातल्या ट्रेसिंग कापडावर झरपट नदी निळ्या रेघेने काढलेली असायची आणि तिच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक रेघ. नदी, कालवा किंवा तलाव यांच्या बरोबर खाली आणि काठापासून आडवं 15 मीटरपर्यंत परवानगीशिवाय खोदायचं नाही, असा 1957 च्या कोळसा खाण नियमावलीचा दंडक होता. तिथला कोळसा चांगला नाही का, असं मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, ‘‘चांगलाच आहे. पण त्याच्यावर नदी उभी आहे.’’

1975 च्या 27 डिसेंबरला धनबादकडच्या चासनाला खाणीत पाणी घुसून 375 माणसं गेली. त्यानंतर तर आमच्या कॉलनीतल्या बायाही ‘खाली पाणी कुठवर आलं’ हे शिफ्टवरून परतलेल्या माणसाला सगळ्यात आधी विचारत.

रेती न भरलेल्या पोकळीचं छत पडलं की वरचा खडक थराथराने खाली येतो. जमीन मध्ये बशीसारखी दबते आणि कडांवर ताण पडून भेगा जातात. विहिरीचं पाणी भर पावसाळ्यात उतरू लागलं, तर शेतकऱ्याला कारण सांगावं लागत नसे. पावसाआधी या भेगा चिकणमातीने ठासून बुजवायच्या, जमिनीत रोवलेल्या खुंट्यांची लेव्हल पुन्हापुन्हा मोजायची, ही बाबांची उन्हाळ्यातली कामं. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून आलेली माणसं झरपटीत आंघोळ करत, तेव्हा त्यातल्या कुणाला हे ठाऊक असणार!

सगळंच सोन्याचं होतं असं मात्र नाही. 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधी कित्येक खासगी मालकांनी छत तोलायला ठेवलेले कोळशाचे खांबच पोखरून नेले. जिथे नकाशे धड नाहीत, तिथे खाली काय आहे हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं वाचली. खाली जुनी, बंद भूमिगत खाण होती.

आता दिवस ओपनकास्टचे आहेत. तिथे जमीन बसण्याचा प्रश्नच नसतो, सगळी जमीनच उचलली जाते. आडवा आलेला नाला वळवतात, इरईच्या काठावर मातीचे डोंगर उभे राहतात. झरपटीत पाण्यापेक्षा इकॉर्नियाच (जलपर्णी) जास्त दिसतो. इकडे बंद पडलेल्या भूमिगत खाणींतले पंप थांबले की पाणी चढतं आणि जुने खांब त्यात भिजत राहतात. नागपूर जिल्ह्यातल्या पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरलं गेलं. खाणीच्या पाण्याची अशी किंमत झाली, याचा मला आनंद आहे. पण खाणीवरच्या तलावाची किंमत कोण करणार?

पोकळ्या बुजवायला नदीतली रेती आता पूर्वीसारखी उपसायला नको, हेही खरंच. त्या उपशानेही इरई खंगली. पण नागपूरजवळच्या खाणींत वर काढून टाकलेल्या मातीतून आज रेती वेगळी करतात आणि ती घरबांधणीला जाते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या राखेचे तर तलाव भरलेत. राखेनेही पोकळ्या भरता येतात. मग घुग्घुस, बल्लारपूर, लालपेठ इथल्या जुन्या खाणींवर जिथे वस्ती, विहीर, बोडी (छोटं तळं) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे, तिथे हे भरणं आधी व्हायला हवं. आणि बाबांच्या हातचे जे नकाशे कपाटांत उरले असतील, त्यांची एकेक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आणि तलाठ्याकडे लागली पाहिजे. नवी बोडी खोदणाऱ्याला आणि विहिरीचं पाणी का उतरलं म्हणून विचारणाऱ्याला ती बघता आली पाहिजे.