भिजलेला दोर

मुलांच्या पथकाची धुरा आम्ही हौसेने स्वीकारली, तेव्हा स्काउटचे पुस्तक आम्हांस जवळजवळ पाठ होते. इंदूरजवळच्या पहिल्याच शिबिरात रात्री पाऊस आला. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून तंबूचे तणावे संध्याकाळीच सैल करावयाचे असतात, हे आम्ही वाचले होते. हातांना ते ठाऊक नव्हते. मध्यरात्री खुंट्या उपटल्या, तंबू कोसळला. कुडकुडणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, आता काय करायचं?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे पचमढीच्या स्काउट प्रशिक्षण केंद्रात गेलो. तेथे व्याख्याने थोडी. आम्हां प्रौढांच्याच तुकड्या पाडल्या. तंबू उभारणे, ओल्या लाकडांची चूल पेटविणे, आपणच करपविलेला भात मुकाट्याने खाणे, सारे स्वतः करावे लागले. बेडन-पॉवेल यांनी १९१९ साली इंग्लंडात गिलवेल पार्क येथे पथकप्रमुखांचा पहिला वर्ग भरविला, तोही याच रीतीने.

पुढच्या शिबिरात ढग दाटताच आमचे हात आपसूक दोरांकडे वळले. स्वयंसेवकाची तळमळ मोलाची खरी. पण ज्या हातांत आपण मुले सोपवितो ते आधी शिकलेले असावेत, हे पाहणे आपणां पालकांचे कर्तव्य नव्हे काय?