हर्ष आणि काटा

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मी रोलाँ बार्थचे 'ल प्लेझीर द्यु तेक्स्त' (1973) शिकवीत होतो. बार्थ तेथे 'प्लेझीर' आणि 'झुइसांस' असा भेद करतो. पहिले सुख वाचकाला त्याच्या संस्कृतीत सुखरूप ठेवते. दुसरे त्याच्या अभिरुचीचा, स्मृतींचा आणि भाषेशी असलेल्या नात्याचा पायाच हलवते. 'झुइसांस'ला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न मी वर्गापुढे ठेवला. 'परमानंद', 'ब्रह्मानंद' ही अपेक्षित उत्तरे आली. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, 'हर्ष' चालेल का?" मी म्हणालो, "'सहर्ष सादर करीत आहोत' यातला हर्ष?" वर्ग हसला. खाली बसताना ती एवढेच म्हणाली, "अंगावर काटा भीतीनेही येतो आणि आनंदानेही, म्हणून म्हटलं." मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

तिचे म्हणणे किती नेमके होते, हे मला पुढे एका वेगळ्याच निमित्ताने उमगले. आईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा वैद्यांनी चिठ्ठीवर 'पादहर्ष' असे लिहिले. पायांना कसला हर्ष, म्हणून मी सुश्रुतसंहिता उघडली. तेथे पादहर्ष हा वातविकार आहे, आणि दातांना गार-ऊन सोसेनासे होणे म्हणजे दंतहर्ष. 'हृष्' या धातूचा मूळ अर्थ केस उभे राहणे, ताठ होणे असा आहे. लॅटिनमधील 'हॉरेरे' हे क्रियापद, ज्याच्या कुळातून इंग्रजीतील 'हॉरर' आला, तेही भाषाशास्त्रज्ञ याच इंडो-युरोपीय मुळाशी जोडतात. एकाच शहाऱ्याला एका परंपरेत प्रामुख्याने आनंदाचा अर्थ लाभला, दुसरीत भयाचा.

संस्कृतात मात्र दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन सांगतो तो रोमहर्ष विषादाचा आहे. अठराव्या अध्यायात संजय कृष्णार्जुनांच्या संवादाला 'रोमहर्षण' म्हणतो आणि तो आठवून वारंवार हर्षित होतो. भरताने रोमांचाच्या कारणांत भय आणि हर्ष यांना एकत्र बसवले. अभिनवगुप्ताने आस्वादातील चमत्काराच्या खुणा म्हणून कंप आणि पुलक यांचा निर्देश केला. ज्याचे कथन ऐकून श्रोत्यांच्या अंगावर काटा येई, त्या पुराणकथक सूताचे नावच लोमहर्षण. शिवाय आयुर्वेदाच्या वाजीकरणात हर्ष म्हणजे कामोत्तेजना. 'झुइसांस'मधील जो दैहिक अर्थ 'ब्रह्मानंदा'त पुसला जातो, तो येथे आयता उपलब्ध होता.

बार्थ आपल्याकडे आधीच होऊन गेला, असे मला सुचवायचे नाही. भरताचा हर्ष तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आहे; तो येतो, स्थायी भावाला पुष्ट करतो आणि जातो. बार्थच्या कल्पनेतील विच्छेद, वाचकाच्या 'स्व'चे हरवणे, त्याच्यात नाही. तेव्हा 'हर्ष' हा 'झुइसांस'चा निर्दोष पर्याय ठरणार नाही. मात्र अनुभूतीला सुख किंवा भय असे नाव मिळण्यापूर्वीच शरीर तिची साक्ष देते, ही गोष्ट हा शब्द जपतो. 'परमानंद' ती जपत नाही.

मराठीनेही ती पुरती गमावलेली नाही. ज्ञानेश्वरीत 'हरिख' भेटतो. बोलण्यात 'हरखणे' टिकून आहे. 'हर्षवायू'त तर आनंदाचा धोकाही शिल्लक आहे. गुळगुळीत झाला तो समारंभाच्या भाषेतला 'हर्ष', आणि मी तेवढाच ऐकला. परिभाषा घडवताना आपण बहुधा अध्यात्माच्या कोठारातून जड समास उचलतो. अंगावरच्या काट्याला सैद्धान्तिक मोल असेल, हे आपल्या मनात येत नाही.

त्या विद्यार्थिनीला हे सांगायचे राहून गेले. ती त्याच वर्षी उत्तीर्ण होऊन गेली. आता बार्थ शिकवताना मी तिचे ते वाक्य आधी फळ्यावर लिहितो आणि मग विचारतो, 'झुइसांस'ला काय म्हणावे?