मुर्रीची रोवणी आणि हिंजवडीचा गुत्ता

गोंदिया शहराजवळ मुर्री हे गाव आहे. जुलैत तिकडे जावे. बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, पऱ्यांच्या पेंड्या धुऱ्यावर पडलेल्या असतात आणि बायांची रांग वाकून मागे मागे सरकत रोवणी करीत असते. कुणाची रोवणी रोजीने, कुणाची एकरी गुत्त्याने. गुत्ता ठरला की काम झपाट्याने उरकते. पुढे धान कोणत्या भावाने गेला, याच्याशी गुत्तेवालीचा संबंध नसतो. तिचा संबंध ठरल्या मजुरीशी.

अशाच एका धुऱ्यावर एका काकांनी मला विचारले, "साहेब, पोरगा पुण्याले कम्पुटरवर आहे. काम अमेरिकेचं अन् पगार इथचा, हे कसं काय?" मी शेतकी शिकलेला माणूस. पण प्रश्न मला आपल्याच भाषेतला वाटला. गोंदियाच्या राइस मिलमध्ये सरकारी धान भरडाईला येतो. क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा आणि भरडाईची मजुरी घ्यायची. धान मिलवाल्याचा नाही, तांदूळही त्याचा नाही. पोरगा करतो ते बहुधा असेच काम. अमेरिकेतल्या बँकेचा हिशेब संगणकाने कसा ठेवावा, याच्या आज्ञा तो पुण्यात बसून लिहितो. बँक तिकडची, आज्ञाही तिकडच्या मालकीच्या. तिथल्या माणसापेक्षा इथला माणूस स्वस्त पडतो, म्हणून काम इकडे येते.

पोरे जातात ती बहुतेक रेल्वेने. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, पुणे करीत कोल्हापूरला जाते. पुण्याला उतरून हिंजवडीला गेलात तर काचेच्या इमारतीच इमारती दिसतील. पण हा मुळशी तालुका आहे, आंबेमोहोर तांदळाचा मुलूख! जिथे भाताची खाचरे होती तिथे औद्योगिक विकास महामंडळाने संगणकनगरी वसवली. धानाच्या गावातले पोर धानाच्याच जमिनीवर जाऊन बसले म्हणायचे. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तर पोराला रात्र जागवावी लागते. आईने फोन केला की तो झोपलेला असतो, त्याचे कारण हेच.

हा धंदा कालपरवाचा नाही. टाटांची टीसीएस मुंबईत १९६८ साली सुरू झाली. निर्यातीसाठी सांताक्रूझचे सीप्झ १९७३ चे. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच जन्मली आणि दोन वर्षांनी बंगळूरला गेली. साल २००० उजाडताना जुन्या संगणकांना सालाचे शेवटचे दोनच आकडे कळत होते. ते दुरुस्त करायला जगभर माणसे कमी पडली आणि आपल्या पोरांना मोठी मागणी आली.

काही जणांना कंपनी खुद्द अमेरिकेत नेते. त्यासाठीचा एच-१बी परवाना १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५ हजार, आणि तिथेच वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज फार, म्हणून सोडत निघते. मिळणाऱ्या दहांत सातांहून अधिक भारतीय असतात. मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. पण सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर आकारणी जाहीर केली. तेव्हाच्या भावाने ती ८८ लाख रुपयांच्या घरात जाते. त्याच वर्षी जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले होते. गुत्ता देणाऱ्याचा हात आखडला की असे होते.

काकांना खरे विचारायचे होते ते नंतर निघाले. कुणी एक माणूस धाकट्याला परदेशात संगणकाची नोकरी लावून देतो म्हणत होता. पैसे आधी, आणि त्यासाठी दोन एकर बांधी गहाण टाकायची! मी सांगितले, तलावाखालची बांधी आहे, तिला हात लावू नका. एच-१बीचा अर्ज नोकरी देणारी कंपनी करते, खर्चही तिचाच. तो मुलाच्या बापाने भरायचा नसतो. दुसऱ्या देशांच्या नोकरीसाठी माणूस नेणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर फुकट पाहता येते. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या आपल्या पोरांना म्यानमारमध्ये डांबून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले गेले. परराष्ट्र खात्याने त्याबद्दल सप्टेंबर २०२२ मध्येच सावध केले होते.

धाकट्याने आपल्या मोबाइलवर तिथेच यादी उघडली आणि त्या माणसाचे नाव शोधू लागला. नाव काही सापडेना.